'बसल्या जागी घर मिळालेल्या लोकांनी...' : एका प्रतिक्रियेला उत्तर

जुन्या इंदूरातलं रामबागेचं घर आधी विकून मग बायपासकडच्या निपानियात घर कसं घेतलं, ते मी मागे 'आधी विका, मग घ्या' या लेखात लिहिलं होतं. त्यावर एक प्रतिक्रिया आलीये. एरवी मी खालीच दोन ओळी टाकून मोकळा होतो, पण ही वाचून तीन दिवस झाले तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे वेगळं लिहितोय. लिहिणाऱ्याने नाव दिलेलं नाही, नुसतं 'इंदूरी पोरगा'. प्रतिक्रिया जशीच्या तशी देतो, म्हणजे मी काही गाळलं असं व्हायला नको:

"काका, लेख ठीक आहे पण अर्धवट. घर विकून 22 महिने भाड्याने राहिलात, तेवढ्यात निपानियाचा भाव कुठल्या कुठे गेला ते लिहिलंच नाही, मग आधी विकणं फायद्याचं कसं? रजिस्ट्रीचा खर्च साडेदहा नाही, साडेबारा टक्के आहे. कॅपिटल गेनवर एक ओळ नाही. सुपर कॉरिडॉरला प्लॉट घेतला असता तर आज दुप्पट झाला असता. बाकी, बसल्या जागी वडिलोपार्जित घर मिळालेल्या लोकांनी अशी तत्त्वं सांगणं सोपं असतं."

सगळ्यात आधी, चूक ती चूक. साडेबारा बरोबर. शहरात स्टॅम्प, निगमचा (महापालिकेचा) हिस्सा, उपकर आणि रजिस्ट्रेशन फी मिळून साडेबारा टक्के होतात, बाईच्या नावावर घेतलं तर फीमध्ये दोन टक्क्यांची सूट आहे. माझ्या डोक्यात साडेदहा बसलं होतं कारण 2020च्या सप्टेंबरात कोरोनामुळे सरकारने निगमचा हिस्सा तीनवरून एकवर आणला होता आणि आमच्या मेहुण्यांची रजिस्ट्री त्याच हंगामात झाली, तो आकडा तसाच राहिला. मूळ लेखात दुरुस्ती केलीये. चूक दाखवलीत, आभार. मी काही चूक मान्य न करणारा माणूस नाही, घरी विचारा पाहिजे तर.

आता मुद्दा असा की साडेबाराची चूक दाखवायला 'अर्धवट' म्हणायची गरज होती का? मी तो लेख चार रविवार बसून लिहिलाय. 'काका'लाही हरकत नाही, आपल्याकडे रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला पण काका म्हणतात, पण काका म्हणायचं आणि त्याच ओळीत अर्धवट म्हणायचं हे कुठलं वळण? आणि मग तो शेवटचा 'बाकी'. इंदूरात 'बाकी' म्हणून जे येतं तेच खरं असतं हे मला चांगलं ठाऊक आहे, आधीची चार वाक्यं नुसती प्रस्तावना. तेव्हा मी त्या 'बाकी'वरच येतो.

वडिलोपार्जित. शब्द नीट बघा. वडिलांनी, म्हणजे वडीलधाऱ्यांनी, उपार्जित केलेलं. कोणीतरी उपार्जित केलेलं असतं ते, झाडाला लागत नाही. आमचे आजोबा रामबागेतल्या एका वाड्यात भाडेकरू होते, मालक नव्हते. दोन खोल्या, बाहेर ओटला, संडास वाड्याच्या मागच्या टोकाला. वाड्याच्या मालकाने 1974 मध्ये तुकडे पाडून विकायला काढलं तेव्हा आमच्या वाट्याचा तुकडा बाबांनी 11 हजाराला घेतला. बाबा मिलमध्ये टाइम ऑफिसला क्लार्क. फंडातून काढले, आईच्या पाटल्या गेल्या, आणि तरी दीड हजार कमी पडले ते बाबांच्या साहेबांनी दिले, जे फेडायला बाबा तीन वर्षं सायकलने मिलमध्ये जायचे, टेम्पोचे पैसे वाचवून. आई गेली तोपर्यंत तिच्या हातात काचेच्याच बांगड्या होत्या. हे बसल्या जागी?

बरं ते बाबांचं झालं, माझं काय, असं म्हणाल. तर ऐका. बाबा 2009 ला गेले, मृत्युपत्र नाही. स्वतःच्या कमाईचं घर मृत्युपत्राशिवाय मागे राहिलं की ते आपोआप थोरल्या मुलाचं होत नाही, आई, मी, भाऊ आणि बहीण, चौघं बरोबरीचे हिस्सेदार. बहिणीने हक्कत्याग करून दिला, तिचे उपकार आहेत, पण भाऊ पुण्यात, त्याला तिथे फ्लॅटसाठी पैसे हवे होते आणि हवे असणं काही चूक नाही. त्याला 14 लाख मी दिले, 2012 ला, लोन काढून. नऊ वर्षं हप्ता भरलाय. म्हणजे एकच घर आमच्या घराण्याने दोनदा विकत घेतलं, एकदा बाबांनी आणि एकदा मी. पुढे खालच्या खोलीत एक शिलाईवाले होते, आजोबांच्या शेजारधर्माने बसलेले, भाडं महिना 60 रुपये. ते कोर्टात गेले असते तर मी आजही तारखाच घेत बसलो असतो, म्हणून 2021 मध्ये चार लाख देऊन त्यांना मोकळं केलं. त्यांनी पण जाताना डोळे पुसले आणि मी पण, तो वेगळा विषय.

आणि मग विकायला काढलं. तू कधी जुन्या इंदूरातलं घर विकायला काढलंयस का रे बाबा? माफ करा, तुम्ही. कधी काढलंय का तुम्ही? गल्ली आठ फुटाची. पहिला दलाल ओटल्यावर बसून चहा पिऊन म्हणाला, "भिया, मकान तो शानदार है, पर पार्टी गाड़ी कहाँ खड़ी करेगी?" मी 90 लाख सांगितले होते. चौदा महिन्यांत 23 पार्ट्या आल्या, डायरीत लिहून ठेवल्यात मी. त्यातल्या निम्म्या बँकेच्या पायरीवरून परत गेल्या, कारण घर आजोबांच्याही आधीचं, पास केलेला नक्शा म्हणून काही नाही, आणि नक्शा नसला की बँकेचा व्हॅल्युअर बांधकामाचा भाव जवळजवळ धरतच नाही. लोन नाही म्हणजे खरेदीदार उरतो फक्त रोकडवाला, म्हणजे पदरचे पैसे एकदम देणारा, आणि रोकडवाला भाव पाडायलाच आलेला असतो. शेवटी 66 ला गेलं. त्यात रजिस्ट्रीच्या वेळी गाइडलाइनने, म्हणजे सरकारने ठरवलेल्या भावाने, किंमत आली 76! आमची गल्ली आणि पुढचा बाजाररस्ता यांचा भाव सरकारी तक्त्यात एकाच दांडीने मोजलाय. सौदा आणि गाइडलाइनमध्ये दहा टक्क्यांपर्यंत फरक असला तर इन्कम टॅक्सवाले सोडून देतात, माझा त्याहून जास्त. म्हणजे मला मिळाले 66 आणि कर बघायचा 76 धरून, आणि घेणाऱ्याच्या डोक्यावर ते वरचे दहा लाख उत्पन्न म्हणून वेगळे, आणि स्टॅम्प पण 76 वरच. तो ते सगळं माझ्याच भावातून कापून घेणार, दुसरं काय करेल?

आता बायपासकडे या. तिथे सगळं उलटं. निपानियाला ज्याचं घर आम्हाला पसंत पडलं त्याचा भाव गाइडलाइनच्या कितीतरी वर, आणि त्याला तीस टक्के दोन नंबरात पाहिजेत. माझ्याकडे एकूण एक पैसा चेकचा, खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापून दिलेला. मी दोन नंबर आणू कुठून? आणि घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा वर रोख घेणं 2015 पासून बंद आहे, रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड. सांगायचं हेच होतं मला मूळ लेखात, की हे एक शहर आहे पण बाजार दोन आहेत. एकात विकणारा हात जोडून उभा आणि दुसऱ्यात घेणारा. पहिल्या बाजारातला माणूस दुसऱ्यात जाताना बयाना (विसार) आधी देऊन बसला आणि इकडे रामबागेतली 23 वी पार्टी पण पळाली, तर बयाना जप्त. सौदाचिठ्ठीत तीन महिन्यांची मुदत असते, आठ फुटी गल्लीतलं घर तीन महिन्यांत विकून दाखवा मला कोणी. आमच्याच वाड्यातल्या एका बिऱ्हाडाचं असंच झालं, पाच लाख गेले, नवराबायकोत अजून अबोला आहे. म्हणून म्हणतो आधी विका, मग घ्या. हे तत्त्व नाहीये हो, पोळलेल्या तोंडाने फुंकून प्यायलेलं ताक आहे.

आणि हे लिहिणाऱ्याला तुम्ही म्हणता सोपं असतं. काय सोपं असतं? चौदा महिने दर रविवारी घर झाडून, अनोळखी लोकांना बाबांच्या खोलीत फिरवायचं, ते भिंतीवर टकटक करून "ये तो पूरा गिराना पड़ेगा" म्हणणार, आणि आपण हसून पाणी द्यायचं, हे सोपं? रजिस्ट्रीच्या दिवशी बायोमेट्रिकला माझा अंगठाच लागेना, चार वेळा पुसून लावला, शेवटी तिथला मुलगा म्हणाला बाबूजी हाथ काँप रहा है आपका. मी हे लेखात लिहिलं नव्हतं कारण लेख माहितीचा होता. तुम्ही लिहायला लावलंत.

तुमचं वय किती ते माहीत नाही, पण लिहिण्यावरून तिशीच्या आतबाहेरचे वाटता. नोकरी आयटीत असेल, विजय नगरला भाड्याने राहत असाल, आणि चढे भाव बघून राग येत असेल तर तो मी समजू शकतो, माझ्या मुलाला पण येतो. पण तो राग रामबागेच्या माणसावर काढू नका. आम्ही भाव चढवलेले नाहीत, आमचा तर पडलाय.

राहिलेले मुद्दे. सुपर कॉरिडॉर, म्हणजे इंदूरचा नवा वाढता भाग. घेतला असता तर झाला असता! आत्याबाईला मिश्या असत्या तर तिलाच काका म्हटलं असतं, मला कशाला. टीसीएस आली, इन्फोसिस आली, 31 मे 2025 पासून मेट्रो पण धावायला लागली, गांधीनगरपासून पाच स्टेशनं का होईना, सगळं मान्य. पण 2022 ला मला त्या बाजूला जे प्लॉट दाखवले गेले त्यातले निम्मे डायरीवरचे होते. इंदूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, डायरी म्हणजे कॉलनीची परवानगी नाही, रेराचा नंबर नाही, पैसे देऊन नुसत्या छापील डायरीत प्लॉटचा नंबर आणि दिलेल्या रकमा लिहून घ्यायच्या, आणि मग ती डायरीच एका दलालाकडून दुसऱ्याकडे चढत्या भावाने फिरत राहते. प्लॉट दुप्पट होतो तो असा. रजिस्ट्री मागायला गेलं की जमीन अजून शेतकऱ्याच्याच नावावर. माझ्या एका जवळच्या नातेवाइकाचे पैसे असेच अडकलेत, डायरी मात्र छान जपून ठेवलीये, देवघरात. आणि समजा खरा, रेरावाला प्लॉट मिळाला असता, तरी राहायचं कुठे? प्लॉटवर खाट टाकून?

कॅपिटल गेन. तो सीएचा विषय आहे, मी जाणूनबुजून घेतला नाही. तरी तुमच्या समाधानासाठी दोन वाक्यं : राहतं घर विकून दोन वर्षांच्या आत दुसरं घेतलं तर विक्रीतल्या नफ्यावरच्या करात सूट मिळते (माझ्या वेळी कलम 54), आणि रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत घेतलं नसेल तर तेवढी रक्कम बँकेत कॅपिटल गेन खात्यात ठेवावी लागते. मी ठेवली होती. नोव्हेंबर 2022 ला विकलं, सप्टेंबर 2024 ला घेतलं, मोजा महिने, मुदतीच्या आत. झालं?

राहता राहिला तो 22 महिन्यांत निपानियाचा भाव किती वाढला, हा प्रश्न. त्याचं उत्तर असं की भाव वाढणारच होता आणि तो आधीपासून कोणाला ठाऊक नसतो, आणि भाडं तर भाडं असतं, 18 हजार महिना, तुम्हाला गुणाकार येत असेलच. सगळ्याच गोष्टी रुपयात मोजायच्या नसतात. मी त्या 22 महिन्यांत रात्री शांत झोपलो. याहून जास्त या मुद्द्यात काही आहे असं मला वाटत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी उडवणार नाहीये, राहू दे तिथे. पुढच्या वेळी नाव टाकून लिहा म्हणजे बरं, आणि कधी निपानियाकडे आलात तर घरी या, पोहे खाऊ, रागाने म्हणत नाहीये.

हे सगळं टाइप करून झाल्यावर हिला वाचायला दिलं. हिने आधी तुमची प्रतिक्रिया वाचली, मग माझं उत्तर, आणि चष्मा काढून म्हणाली, "मुलगा विचारतोय ते बरोबर आहे की. बावीसला पसंत पडूनही जे घर आपण सोडलं आणि चोवीसला जे घेतलं, त्यातला फरक लिही ना एकदा. मला पण बघायचाय." मी म्हटलं जेवण झाल्यावर बोलू. ताटं वाढलीयेत, जातो.