पाउच मशीन भंगारात जाणार नाहीये, ॲडव्हान्स परत मागू नका

बचत गटांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज आता सिन्नरच्या आमच्या मावशीपर्यंत पोचलाय आणि तिने नाशिकच्या अंबड एमआयडीसीत बुक केलेलं मसाला पॅकिंगचं मशीन कॅन्सल करायचं ठरवलंय, म्हणून लिहितोय. मेसेज असा: "120 मायक्रॉनखालच्या सगळ्या प्लास्टिकवर बंदी आली, पाउच बंद होणार, मशीन भंगारात. घ्यायचंच तर चायनाचं घ्या, अर्ध्या किमतीत तेच मिळतं. आणि मशीन आलं की बायकांचं काम गेलं."

पहिला मुद्दा धादांत खोटा आहे. 120 मायक्रॉन जाडीचा हा आकडा कॅरीबॅगचा आहे हो! केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचं 12 ऑगस्ट 2021 चं नोटिफिकेशन नेटवर आहे, उघडून वाचा. कॅरीबॅग आधी किमान 75 मायक्रॉन आणि 31 डिसेंबर 2022 पासून 120, एवढंच. त्याच नोटिफिकेशनने 1 जुलै 2022 पासून प्लेट, कप, चमचे, स्ट्रॉ, मिठाईच्या बॉक्सवरची फिल्म अशा ठरावीक वस्तू बंद केल्या, त्यात मसाल्याचा पाउच कुठेच नाही. प्लास्टिक पुड्यांवर बंदी आहे ती गुटखा, तंबाखू, पानमसाल्याच्या, आणि ती 2011 च्या नियमांपासूनच आहे. मसाल्याची लॅमिनेट फिल्म तर साधारण 120 च्या आतलीच असते, मेसेज खरा असता तर किराणा दुकानात फरसाणाचं एक पाकीट दिसलं नसतं.

यात अर्धं खरं एवढंच की वेगवेगळ्या प्लास्टिकचे थर चिकटवलेला पाउच रिसायकल करणं अवघड असतं, आणि फेब्रुवारी 2022 च्या ईपीआर (उत्पादकाची वाढीव जबाबदारी) नियमांनी पॅकिंगचा कचरा गोळा करायची जबाबदारी ब्रँडवाल्यांवरही पक्की केलीय, त्यामुळे बाजार हळूहळू एकाच जातीच्या प्लास्टिकच्या फिल्मकडे वळतोय. ही फिल्म चालवायला त्रास आहेच. वरचा पॉलिएस्टरचा थर नसला की तापमान थोडं चढलं तरी फिल्म जॉला, म्हणजे सील करणाऱ्या गरम पट्ट्यांना, चिकटते, आकसते, आणि थोडं उतरलं की सील सुटतं. पण त्यासाठी बदलावं काय लागतं तर सीलिंग जॉ, टेंपरेचर कंट्रोलर, फार तर फिल्म ओढायचे बेल्ट. फ्रेम, मोटर, ऑगर (पावडर मोजून भरणारा स्क्रू) सगळं तेच राहतं. अंबड-सातपूरच्या वर्कशॉपसाठी हे उलट नवीन काम आहे, जुनी मशीनं अशी सुधारून द्यायचं, आणि तिथेच लोकांना घाबरवून ऑर्डरी कॅन्सल करायला लावताय?

चायनाचं स्वस्त पडतं, मान्य. आपल्याकडच्या मशीनमध्येही पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), सर्वो (नेमकी फिरणारी मोटर) बऱ्याचदा बाहेरचेच असतात, तेही मान्य. पण "तेच मिळतं" हे चूक. मिरची पावडरला ऑगर फिलर लागतो, दाण्याचा कप फिलर दिला तर वजन हलतं आणि उडालेली पावडर सीलमध्ये बसून पाउच लीक होतो. तेव्हा कंटेनरमधून मशीन पाठवणारा सिन्नरला येणार नाही, अंबडचा फिटर येईल.

बायकांचं काम म्हणाल तर हँड सीलरवर बसायचं काम कमी होईल, खोटं कशाला बोलू. पण निवडणं, भाजणं, दळणं, माल पोचवणं हे मशीन करत नाही, आणि हाताचं सील सुटून माल परत आला तर नुकसान त्याच बायकांचं.

मावशी, आणि तुमच्यासारखं बुकिंग केलेले सगळेच, आपला मसाला आणि आपला फिल्म रोल घेऊन अंबडला जा, समोर ट्रायल घ्या, पाउच पाण्यात दाबून बुडबुडे येतात का बघा, जॉ आणि कंट्रोलर पुढे बदलून मिळतील हे कोटेशनवर लिहून घ्या. बॅलन्स त्यानंतरच द्या.