झंजीरला सलामी कशासाठी?

बारा मार्च, म्हणजे त्र्याण्णवच्या मुंबई बॉम्बस्फोटांचा दिवस, जवळ आला की तो फोटो मोबाइलवर फिरायला लागतोच. फुलांनी झाकलेला पिवळट लॅब्रॅडॉर, मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला झंजीर, आणि त्याच्यासमोर वाकलेले वर्दीतले अधिकारी. यंदा तो अव्याने ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळी परळच्या आमच्या कट्ट्यावर जुंपली.

काडी टाकली दीप्याने. "कुत्र्याला शासकीय इतमामात निरोप? आमचे बाबा अख्खं आयुष्य पोलिसात. रिटायर झाल्यावर वारले, तेव्हा खात्यातले दोघं आले. तेही साध्या कपड्यात."

यावर खरं तर कुणी बोलायला नको होतं. पण अव्याला आकडे तोंडपाठ. "3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर, 249 हँडग्रेनेड, 6,406 काडतुसं. एवढं शोधलं त्याने. तुझं हेल्मेट हरवलं, ते सापडलं का अजून?"

"आकडे मलाही येतात. पण साठा कुठे आहे ही खबर कुणी काढली? माणसांनीच ना? क्विंटलांनी माल एका जागी असेल तर कुत्रा शेवटी जातो, हुंगतो आणि बसतो."

"बसतो म्हणूनच तर!" आतापर्यंत गप्प असलेले पाटकर काका बोलले. काका पोलिसातून निवृत्त, बॉम्बशोधक पथकाबरोबर पुष्कळ बंदोबस्त केलेले. "अरे, स्फोटकं हुंगणारा कुत्रा भुंकत नाही, पंजा मारत नाही. गपचूप बसतो आणि हँडलरकडे, म्हणजे त्याला सांभाळणाऱ्या पोलिसाकडे, बघतो. पंजा मारला तर दोघंही गेले. ब्याण्णवच्या जानेवारीतला जन्म त्याचा. पुण्याला शिवाजीनगरात शिकला, डिसेंबर संपता संपता पथकात आला आणि मार्चमध्ये हे बारा स्फोट. 257 माणसं गेली. धनजी स्ट्रीटला स्कूटरमधली स्फोटकं हुंगून काढली, तेव्हा सव्वा वर्षाचं पोर होतं ते!"

"पण काका, त्याला काय माहीत आरडीएक्स म्हणजे काय?" दीप्या काही सोडेना. "त्याच्यासाठी तो खेळ. वास सापडला की शाबासकी. मग शौर्य कसलं?"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून अव्या चिडला आणि देशभक्तीवर घसरला. ते इथे लिहीत नाही.

मला त्या आकड्यांचाच राग येतो. किलो मोजून सलामी द्यायची असेल तर ज्याला कधीच काही सापडलं नाही त्या कुत्र्याचं काय? श्वानपथकाचं रोजचं काम म्हणजे काही न सापडणं. गणपतीत लालबागचा मंडप, मंत्र्यांच्या सभेचं स्टेज, प्लॅटफॉर्मवरची बेवारस बॅग. कुत्रा सगळीकडे नाक लावून पुढे जातो, बसत नाही, म्हणून आपण आत जातो. त्या न बसण्यावर आपण विश्वास टाकतो आणि त्याची नोंद कुणाच्या फॉरवर्डमध्ये येत नाही.

"बरोबर," काका म्हणाले. "आणि सारखं काहीच सापडलं नाही तर जनावर कंटाळतं. मग हँडलर मुद्दाम सरावाचा माल लपवतो, त्याला शोधू देतो आणि कौतुक करतो. नाहीतर नाक चालेल, पण मन लागणार नाही."

"आमच्या ऑफिसात असं कुणी करत नाही," अव्या पुटपुटला. जरा हशा झाला.

झंजीर गेला नोव्हेंबर 2000 मध्ये, हाडांच्या कॅन्सरने. वय आठ वर्षं. उपचार झाले आपल्याच परळच्या बैलघोड्यात, म्हणजे जनावरांच्या दवाखान्यात, इथून चालत जाण्यासारखं अंतर. सेवेत असतानाच गेला, म्हणून तो इतमाम. आणि इथेच दीप्याने जे काढलं त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

"सेवेत मेला म्हणून सलामी ना? मग सव्वीस अकरावाले चौघं? मॅक्स, सुलतान, टायगर, सीझर. सीझरने सीएसटीवर हँडग्रेनेड शोधून काढले. निवृत्तीनंतर ते राहिले कुठे? विरारला, एका प्राणीप्रेमी बाईंच्या फार्मवर. 2016 मध्ये एकामागोमाग चौघंही गेले. त्या बाई नसत्या तर? सलामीचा खर्च म्हणजे चार हार. म्हातारपणी औषधपाणी कोण करणार, ते बोला."

बाबांचा विषय त्याने पुन्हा काढला नाही, पण तो तिथेच होता.

अव्या म्हणाला, म्हणजे झंजीरची सलामी काढून घ्यायची का? दीप्या म्हणाला, असं मी कधी म्हटलं? काका म्हणाले, तू आल्यापासून तेच म्हणतोयस. माझं मत दीप्याच्या बाजूला झुकलंय हे कबूल. सलामी हवीच, पण निवृत्तीचा दिवस आला की कुत्र्याला जागा, डॉक्टर आणि जमलं तर त्याचा जुना हँडलर मिळायला हवा, आणि ते एखाद्या बाईंच्या चांगुलपणावर सोडू नये.

"हँडलरला कसा देणार?" काका म्हणाले. "पोलीस लाइनीतल्या खोल्या बघितल्यास का? बायको, दोन पोरं, आई आणि त्यात तीस किलोचा लॅब्रॅडॉर."

"मग तुमच्या चाळीत ठेवूया, काका," अव्या म्हणाला.

"आमच्या सेक्रेटरीला विचार. मांजर पाळलं म्हणून नोटीस लावणारा माणूस आहे तो."