कासवच आहे ना, दुसरं घ्या तिकडे!

आम्ही कायमचे परदेशी चाललोय, म्हणून माझी दोन कासवं विमानाने पाठवायला गेले, तर हे वाक्य मला आज सकाळी कार्गोच्या काउंटरवर ऐकवण्यात आलं. तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही. ज्यांनी जमिनीवरची कासवं घेऊन देश बदललाय त्यांना पुढचं समजावून सांगायला नको. बाकीच्यांनी नुसतं ऐकून घ्या.

माझ्या फाइलमध्ये काय नव्हतं? सायटीसचं, म्हणजे दुर्मिळ प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, निर्यात परमिट, मूळ प्रत. तिकडचं आयात परमिट, तीही मूळ प्रत. आरोग्य प्रमाणपत्र, दोघांच्या मायक्रोचिपचे पंधरा आकडी नंबर, पाठीचे-पोटाचे फोटो, एअरवे बिल म्हणजे विमानाने माल पाठवायची पावती. पेटी प्लायवूडची, आयाटाचे, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचे, नियम समोर ठेवून सुताराकडून करून घेतलेली. मध्ये पक्कं पार्टिशन, हवेच्या भोकांना जाळी, चारी बाजूंना वरची दिशा दाखवणारे बाण आणि जिवंत प्राणी असल्याची लेबलं. एका कप्प्यात ठमी, दुसऱ्यात गुंड्या. एकत्र ठेवले तर गुंड्या तिचे पाय चावून चावून तिला भंडावून सोडतो, म्हणून पार्टिशन.

आणि त्या शहाण्याने काय करावं? लेबलवरचा नंबर नीट दिसेना म्हणून पेटी सरळ एका कडेवर उभी केली. बाण डोळ्यांसमोर असताना! आतून प्लायवूडवर नखं घासल्याचा आवाज आला, मग धप्प, मग काहीच नाही. मी ओरडले आणि पेटी स्वतः खाली घेतली. तर मला म्हणतो, "एवढं काय मॅडम, कवच आहे की त्याला." अरे, कवच आहे म्हणजे काय दगड आहे का? कासवाची फुप्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात. ते उलटं पडलं की पोटातल्या सगळ्या अवयवांचा भार फुप्फुसांवर येतो. पायाला टेकू मिळाला नाही तर त्याला पुन्हा सरळ होता येत नाही, तसंच पडून राहिलं तर जीव जातो. जाळीतून टॉर्च मारून बघितलं. ठमी पार्टिशनला टेकून तिरकी अडकली होती, डोकं पूर्ण आत ओढलेलं.

हे एवढ्यावर संपलं असतं तर मी गिळलं असतं. निर्यात परमिटवर एक चौकट असते. जनावर देशाबाहेर पडताना प्रत्यक्षात किती नग निघाले ते अधिकाऱ्याने त्यात लिहायचं, सही करायची, शिक्का मारायचा. ती चौकट कोरी राहिली तर पलीकडचा अधिकारी परमिट वापरलेलंच नाही असं धरतो आणि जनावर जप्त करू शकतो. शिक्का मारणारे साहेब कुठे आहेत? "ते आज लवकर गेले." मग आता? "तुम्ही कशाला टेन्शन घेता, पेटी जाऊ दे, कागद नंतर पाठवू." कागद नंतर! मूळ परमिट पेटीसोबतच जावं लागतं, नंतर पाठवलेल्या कागदाला काडीची किंमत नसते. हे मी त्याला सांगायचं? कार्गोत नोकरी त्याची की माझी? मी पेटी सोडायला नकार दिला, मागच्या लोकांची चुळबुळ सुरू झाली, आणि तेव्हा त्याने ते वाक्य फेकलं. वर हसला.

ठमी माझ्या मुलीपेक्षा वयाने मोठी आहे. मुलगी रांगायला लागली ती तिच्या मागे मागे. ही जात नीट सांभाळली तर चाळीस-पन्नास वर्षं जगते. म्हातारपणापर्यंतची सोबत म्हणून घेतलेलं जनावर आहे ते. दुसरं घ्या म्हणे! कुत्र्याच्या मालकाला असं म्हणायची हिंमत झाली असती का याची? कुत्र्याच्या पिंजऱ्याला सगळा स्टाफ येऊन गोंजारत होता, त्याच काउंटरवर, माझ्या डोळ्यांदेखत.

एक सांगते, माझा राग कायद्यावर नाही. मार्च २०१९ मध्ये मनिलाच्या विमानतळावर बेवारस सुटकेसमध्ये दीड हजारावर कासवं सापडली, टेपने करकचून गुंडाळलेली. मार्च २०२१ मध्ये गॅलापागोसच्या बाल्ट्रा विमानतळावर एका सुटकेसमध्ये १८५ पिल्लं प्लॅस्टिकमध्ये बांधलेली मिळाली, काही मेलेली. हॉर्सफील्डची कासवं, म्हणजे माझ्या दोघांची जात, मध्य आशियातून पोत्यांनी पकडून विकली गेली. भारतातलं तारा कासव २०१९ मध्ये सायटीसच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सगळ्यात कडक यादीत, टाकावं लागलं ते उगाच नाही. जमिनीवरच्या कासवांचं अख्खं कुळ सायटीसच्या कुठल्या ना कुठल्या यादीत आहे आणि असलंच पाहिजे. म्हणून तर मी प्रत्येक कागद केला! ज्याला चोरून न्यायचंय तो कुठल्याही रांगेत उभा राहत नाही. रांगेत आम्हीच उभे असतो आणि संशयाने बघतात तेही आमच्याकडेच.

स्पष्ट नकारही मला चालतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड पाळीव सरपटणारे प्राणी आत घेतच नाहीत, विषय संपला. अमेरिकेने २००० सालापासून बिबट्या कासव आणि आफ्रिकेतलं सल्काटा यांची आयात बंद केली, कारण त्यांच्या अंगावरच्या गोचिडांमधून गुरांना हार्टवॉटर नावाचा रोग होतो. कारण पटतं, माणूस आधीच दुसरा विचार करतो. पण इथे सरकार हो म्हणतं, परमिट देतं, फी घेतं, आणि शेवटच्या दाराशी असा माणूस उभा करतं ज्याने ते परमिट आयुष्यात उघडून वाचलेलं नाही.

आणि शेवटच्या दारापर्यंत पोचायलाच काय कमी हाल झाले? एअरलाइनच्या फॉर्ममध्ये प्राणी निवडायचा तर दोनच पर्याय, कुत्रा नाहीतर मांजर. फोन केला तर रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र मागितलं. कासवाला रेबीजची लस! मी म्हटलं, रेबीज सस्तन प्राण्यांना होतो. पलीकडून उत्तर, "सिस्टीममध्ये कंपल्सरी आहे." प्राणी परदेशी पोचवून देणाऱ्या एका कंपनीने आधी ॲडव्हान्स घेतला आणि मग विचारलं की पेटीत पाण्याची टाकी किती मोठी हवी. मी दोन वेळा लिहून दिलं होतं की ही जमिनीवर राहतात, खोल पाण्यात बुडून मरतात. ॲडव्हान्स अजून परत आलेला नाही.

मग तो सोर्स कोड, म्हणजे जनावर मुळात कुठून आलं ते सांगणारं परमिटवरचं अक्षर. बंदिवासात जन्मलेलं म्हणजे 'सी' असं मला वाटलं होतं, पण नाही, आई-वडील जंगलातले असतील तर सहसा 'एफ' लागतो. आता इतक्या वर्षांपूर्वीच्या आई-वडिलांचा पुरावा आणायचा कुठून? ज्याने मला ठमी दिली त्याची जुनी पावती एका पुस्तकात सापडली म्हणून निभावलं, नाहीतर अर्ज तिथेच मेला असता. कुणीतरी म्हणालं, तीन वर्षं चालणारं मालकीचं प्रमाणपत्र मिळतं ते काढ. वाचलं तर मुदत संपायच्या आत जनावर परत मूळ देशात आणायची अट. म्हणजे जे फिरून परत येतात त्यांची सोय आहे. जो कायमचा घर बदलतोय, ज्याला खरी गरज आहे, त्याच्यासाठी काही नाही.

नातेवाइकांचं तर बोलायलाच नको. मामा म्हणाले, "तळ्यात सोडून दे की, सुखाने राहतील." मामा, बुडतील! आणि समजा तळ्याऐवजी माळावर सोडली, तरी परक्या मुलखातलं जनावर, तिथल्या कासवांना नवा रोग देईल नाहीतर स्वतः उपाशी मरेल. मावसभाऊ म्हणाला, "हँडबॅगेत टाक ताई, हलत तर नाहीत." म्हणजे त्या मनिलाच्या सुटकेसवाल्यांच्या पंक्तीला मला बसवायला निघाला. ही माणसं प्रेमाची आहेत, मला माहीत आहे, पण या एका विषयावर मी आता त्यांच्याशी बोलत नाही.

१९६८ साली सोव्हिएत संघाच्या झाँड-५ यानातून याच जातीची दोन कासवं चंद्राला वळसा घालून आली. यान हिंदी महासागरात पडलं, कासवं जिवंत होती. त्यांना तिकडे कुणी हौसेने पाठवलं नव्हतं आणि त्यांचे हाल झालेच असणार, पण कुणीतरी त्यांच्यासाठी पेटीची जागा, हवा, तापमान यांचा विचार केला होता. इथे मला फक्त एवढंच हवंय की पेटी कुणी आडवी करू नये आणि शिक्का मारणारा माणूस नेमलेल्या वेळेला जागेवर असावा.

दोघं घरी परत आलीत. कोमट पाण्यात बसवलं, ठमीने पाणी प्यायलं, पण प्रवासासाठी खाणं बंद ठेवलं होतं ते सुरू केलं तरी ती पानाला तोंड लावत नाही. मागचा डावा पाय ती जरा जपून टाकतेय असं मला वाटतंय, उद्या एक्स-रे काढणार. आरोग्य प्रमाणपत्राची मुदत थोड्या दिवसांची, ते पुन्हा काढायचं. निर्यात परमिट सहा महिन्यांचं, त्यातले बरेच गेले. थंडी तोंडावर आलीय. पारा खाली गेला की एअरलाइन जनावरं घेत नाही, आणि ही दोघं एकदा शीतनिद्रेत गेली की उन्हं तापेपर्यंत त्यांना हलवता येत नाही. तोपर्यंत हे घर आमचं राहिलेलं नसेल.

दुपारी मी कार्गोला ईमेल केली की पुढच्या बुकिंगच्या दिवशी शिक्का मारणारे अधिकारी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत हजर असतील ते मला लेखी कळवा. संध्याकाळी उत्तर आलं. असं लेखी द्यायची पद्धत नाही म्हणतात.