'दहा मिनिटं डोळे मिटा'वाल्या फॉरवर्डला उत्तर

सोसायटीच्या पालक ग्रुपवर आठवड्यात तिसऱ्यांदा तोच मेसेज. 'शाळेत माइंडफुलनेस शिकवा, मुलांना डिप्रेशन-अँक्झायटी होणारच नाही, सायन्सने सिद्ध झालंय, साइड इफेक्ट शून्य, घरी रोज दहा मिनिटं करून घ्या.' खाली हात जोडलेले इमोजी. माइंडफुलनेस म्हणजे शांत बसून आपल्या श्वासाकडे, मनात येणाऱ्या विचारांकडे लक्ष देणं. आता राहवत नाही म्हणून लिहितोय.

सायन्सचं म्हणाल तर बऱ्यापैकी सिद्ध झालंय ते मोठ्या माणसांचं, ज्यांना डिप्रेशन वारंवार येऊन गेलंय त्यांना ८ आठवड्यांचा कोर्स, आजार पुन्हा उलटू नये म्हणून. तो निकाल उचलून सातवीच्या अख्ख्या वर्गाला लावायचा म्हणजे बापाचा चष्मा पोराला.

शाळेतल्या मुलांवर ब्रिटनमध्ये मोठा प्रयोग झालाय, मायरियड नावाचा. ८५ शाळा, ११ ते १३ वयाची ८ हजारांवर मुलं, अर्ध्या शाळांत टीचरना ट्रेनिंग देऊन १० तासिका घेतल्या, बाकीच्यांत नेहमीचंच चालू ठेवलं. २०२२ ला निकाल आला, वर्षभराने बघितलं तर डिप्रेशनच्या रिस्कमध्ये फरक नाही! आणि करणारे कोणी विरोधक नव्हते हो, ऑक्सफर्डची माइंडफुलनेसवालीच माणसं. फायदा दिसला तो टीचरना, त्यांचा थकवा काही काळ कमी झाला.

आता साइड इफेक्ट. त्याच प्रयोगात ज्या मुलांना आधीच रिस्क जास्त होती, त्यांचं काही बाबतीत किंचित बिघडलेलंच दिसलं. किंचितच, घाबरू नका, पण शून्य नाही. माझी भाची नववीत आहे, भांडुपला राहते, तिला घरच्यांनी हेच करायला बसवलं तर पाचव्या मिनिटाला उठून आली, म्हणाली, "मामा, डोळे मिटले की नुसती छातीची धडधडच ऐकू येते रे, आणि मग गणिताचा पेपर." जिचं मन आधीच आत आत घिरट्या घालतंय तिला अजून आत बघ म्हणायचं?

घरी रोज? ब्रिटनच्या त्या प्रयोगातल्या बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नाही. आणि आपल्याकडे वन रूम किचनमध्ये एकीकडे कुकरची शिट्टी, दुसरीकडे आजीची सिरियल, त्यात 'श्वासाकडे लक्ष दे'.

गोराईच्या विपश्यना पॅगोडात स्वतःच्या मर्जीने जाऊन बसणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाहीये, ते वेगळं.

पोर दोन आठवडे गप्प गप्प असेल, जेवणझोप उडाली असेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर कुठल्याही हॉस्पिटलात मानसोपचार ओपीडी आहे, टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. अॅडमिन, हा नंबर पिन करा प्लीज.