प्रभारी प्राचार्यांनो, काटकसर अशी करा

अभिनंदन! जुने प्राचार्य निवृत्त झाले, नवे नेमायचे तर जाहिरात, परवानगी, समिती असा सगळा खर्च, आणि ज्येष्ठता यादीत वरचं नाव तुमचं. म्हणून तुम्ही प्रभारी. खुर्ची तीच, सही तीच, शिव्याही त्याच. पगार मात्र कालचाच. संस्थेने काटकसरीचा श्रीगणेशा तुमच्यापासूनच केला आहे, तेव्हा पुढचं तुम्हाला जड जाऊ नये.

पहिल्या दिवशी ओएसला, म्हणजे कार्यालय अधीक्षकाला, बोलावून तिजोरी विचारू नका. तो हसेल. वेतनेतर अनुदान, म्हणजे पगार सोडून बाकी खर्चाचे सरकारी पैसे, हे सोलापूरचं नळाचं पाणी. कागदावर आहे, पाइपलाइनही आहे. येतं मात्र चार-पाच दिवसांआड, आणि तेही आपण झोपेत असताना येऊन गेलं असं शेजारी सांगतात. उजनी शंभर टक्के भरलं तरी घरातली सगळी पिंपं, घागरी आणि आंघोळीची बादली भरून ठेवणारी माणसं आपण. आपल्याला तुटवडा काय शिकवायचा?

तरी उत्पन्न वाढवल्यासारखं दिसलं पाहिजे. अनुदानित बी.ए.च्या फीला हात लावता येत नाही, म्हणून विनाअनुदानित तुकडी काढा. आधी सगळ्यांनी बीसीए, बीबीए काढलं. मग 2024 साली हे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या छत्राखाली गेले, त्यांना सीईटी लागली, आणि राज्यभर जागा ओस पडल्या. हुशार कॉलेजांनी काय केलं? नाव बदललं. तेच वर्ग, तेच सर, तीच पुस्तकं, पण पाटीवर बीबीएच्या जागी बी.कॉम. आणि पुढे काहीतरी मॅनेजमेंट. सीईटी गेली, पोरं आली. पाटी रंगवायला फार तर हजारभर रुपये लागतात. एवढा परतावा आपल्या एमआयडीसीत कुणाला मिळतो सांगा.

अनुदानित बाजूला पट टिकवायचा तर मे महिन्यात प्राध्यापकांना मंद्रूप, वळसंग, बोरामणीकडे पाठवा. पिशवीत माहितीपत्रकं, डोक्याला रुमाल, पारा त्रेचाळीसवर. संख्याशास्त्राचे सर एखाद्या वस्तीवर बाजेवर बसून पोराच्या बापाला सेमिस्टर समजावतात, बाप ताक पाजतो आणि म्हणतो, "सर, पोरगं तर पुण्याला जातो म्हणतंय की." सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस भरून जाते ती उगाच नाही. पण ताक फुकट मिळतं. प्रवासभत्त्याची फाइल आली तर त्यावर तेवढं नोंदवा.

आता खरी काटकसर. इथे जरा निवांत बसू, कारण कॉलेज चालतं ते यावरच. माणूस निवृत्त झाला की त्याची जागा रिकामी ठेवायची. करोनाच्या वर्षी, 4 मे 2020 ला, वित्त विभागाने नवीन भरती थांबवली, तेव्हा काहींना वाईट वाटलं. त्यांना व्यवस्थापन कळत नाही. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास शिकवायचे असतात. सीएचबीवाल्याला, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या सरांना, साधारण 9 तास देता येतात. म्हणजे एक पूर्ण पगार गेला की त्यात दोन माणसं बसतात आणि तरी पैसे उरतात. ते तास घेतील तेवढ्याचंच घेणार. दिवाळीचं नाही, मे महिन्याचं नाही, आजारपणाचं नाही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरतो, नंदीध्वज निघतात, सगळं गाव होम मैदानावर असतं, कॉलेजला सुट्टी असते. पूर्णवेळ प्राध्यापक सहकुटुंब आकाशपाळण्यात बसतात. सीएचबीवाला खाली उभा राहून सुट्टीचे किती तास बुडाले ते मोजतो. पाळण्याचं तिकीटही वाचतं.

आमच्याकडे मराठीला एक सर होते. नेट झालेले, पीएच.डी. झालेले, मोहोळहून मोटरसायकलवर यायचे. सकाळी साडेसातला आमच्याकडे, बाराला दुसऱ्या कॉलेजात, संध्याकाळी अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहायचे. मालक त्यांना दर शनिवारी पैसे द्यायचा, त्यामुळे तिथे ते फार मन लावून काम करायचे. आमचं मानधन मार्च उलटल्यावर, कधी पुढचं वर्ष सुरू झाल्यावर. तासांचं बिल मात्र ते सुंदर अक्षरात करायचे: तारीख, वर्ग, तासाचा क्रमांक, शिकवलेला घटक, सही. मीही दोन वर्षं प्रभारी होतो, म्हणून ती बिलं माझ्या टेबलावर यायची. एकदा मी त्यातलं एक परत पाठवलं. 2 ऑक्टोबरला तास दाखवला होता.

सर केबिनच्या दारात उभे राहून म्हणाले, "सर, त्या दिवशी तुम्हीच बोलावलं होतं. स्वच्छता अभियानाला."

मी म्हटलं, "अहो, झाडू मारणं ही तासिका होत नाही."

नियमाने मी बरोबर होतो. तुम्हीही असंच बरोबर राहायला शिका. पहिले दोन महिने जरा झोप लागत नाही, मग सवय होते.

कापायचं काय ते कळलं. कापायचं नाही काय, तर नॅकला, म्हणजे कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेला, जे दिसतं ते सगळं. कमान, रंग, पेव्हर ब्लॉक, कुंड्या, फ्लेक्स. आमच्या वेळी निकष सात होते आणि चारपैकी 3.51 किंवा त्याहून जास्त मिळाले की ए प्लस प्लस. तेवढ्यासाठी ग्रंथालयातली मासिकं दोन वर्षं बंद राहिली तर बिघडत नाही. रॅकवर जुने अंक उभे करा, समिती तारखा बघत बसत नाही. पावसाच्या पाण्याची पाइप गच्चीवरून खाली आणा आणि जिथे संपते तिथे जास्वंदीची मोठी कुंडी ठेवा. आमची जास्वंद जोरात फुलली होती, हे मात्र खरं सांगतो.

दोन 'उत्तम पद्धती' लिहाव्या लागतात. पहिली, कमवा व शिका: शिपायांच्या जागा रिकाम्या, म्हणून पोरं व्हरांडे झाडतात. याला श्रमप्रतिष्ठा म्हणायचं. दुसरी, ऊर्जाबचत: बिल थकल्यामुळे दुमजली इमारतीतल्या प्रयोगशाळेची वीज तोडली आहे. याला हरित परिसर म्हणायचं. फोटो दोन्हींचे काढा, पण एकाच दिवशी नको, पोरांचे शर्ट तेच दिसतात.

सत्कार हा आणखी एक खड्डा. वर्षाला पन्नास पाहुणे, पन्नास शाली. पूर्वी आम्ही एकच शाल फिरवत असू. पाहुणा मंचावरून उतरला की शिपाई ती अदबीने "गाडीत ठेवतो साहेब" म्हणून घ्यायचा आणि कपाटात ठेवायचा. एका पाहुण्याने दोन वर्षांनी आपल्याच शालीवरचा चहाचा डाग ओळखला, तेव्हा बंद केलं. आता टेरी टॉवेल द्या. सोलापुरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, घाऊक भावात स्वस्त पडतो, आणि स्थानिक उद्योगाला चालना असा एक ठिपका अहवालात वाढतो. पाहुणा कुलगुरू असेल तर चादर. आमदार असेल तर दोन.

विद्यार्थी तक्रार करायला आले तर जेईई-नीटवाल्या क्लासकडे बोट दाखवू नका, तिथे पंखे चालतात. त्यांना शहराचा इतिहास सांगा. जुनी मिल 1877 ला सुरू झाली, हजारो हातांना काम दिलं, अख्खं शहर तिच्या भोंग्यावर उठायचं आणि जेवायचं. मग मिल बंद पडली, भोंगा गेला, तरी गाव काही मरून गेलं नाही. पोरं ऐकून घेतात. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, "मग आपलं कधी बंद पडतंय बे?" आवाज कुणाचा ते मी शोधलं नाही. शिस्तपालन समितीला चहा द्यावा लागतो.

घंटेचं तेवढं राहिलं. घंटा देणारे मामा निवृत्त झाले की जागा भरायची नाही, हे एव्हाना तुम्ही ठरवलंच असेल. इलेक्ट्रिक बेल बसवावी असं कोटेशन येईल. तीन कोटेशनं मागवा, मग ती फाइलला लावून ठेवा. सगळ्यात आधी कॉलेजात पोचतो तो घंटा देतो, अशी सोय आपोआप होते. आमच्याकडे ते मोहोळचे सरच असायचे. हेल्मेट काढायचं, लोखंडी तुकड्यावर हातोडा मारायचा, मग वर्गावर जायचं.

एक दिवस ते तुमच्याही दारात येतील आणि विचारतील, "सर, शेवटची घंटा पाच मिनिटं आधी दिली तर चालेल का? बाराला दुसरीकडे तास असतो."

चालेल म्हणा. पाच मिनिटांची वीज वाचते.