अंड्यांच्या ट्रेने खोली साउंडप्रूफ होत नाही, आणि फोमने घर पेटतं

परवा रात्री भाचीचा व्हिडिओ कॉल आला. ती डोंबिवलीला राहते, ऑडिओबुकसाठी वाचन करते, आवाज गोड आहे आणि मेहनतीही आहे. कॅमेरा फिरवून तिने मला तिची दहा बाय दहाची खोली दाखवली. एका भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत अंड्यांचे ट्रे. शेजारच्या भिंतीवर करड्या रंगाचा फोम, स्विचबोर्डापुरती चौकोनी खाच पाडून चिकटवलेला. आणि त्या फोमच्या कडेपासून वीतभर अंतरावर ताईचं देवघर. देवघरात निरांजन तेवत होतं.

"मामा, आता तरी रेकॉर्डिंगमध्ये शेजारच्या कुकरची शिट्टी येणार नाही ना?"

हे सगळं तिने एका व्हॉट्सॲप मेसेजवरून केलं. तोच मेसेज गेल्या महिनाभरात मला चार वेगवेगळ्या लोकांकडून आलाय, त्यात एक तबलजी आणि एक शाळेतल्या संगीत शिक्षिका. मेसेजचं शीर्षक "हजार रुपयांत घरचा स्टुडिओ". मजकूर थोडक्यात असा: अंड्यांचे ट्रे लावले की खोली साउंडप्रूफ होते. ट्रे पुरले नाहीत तर गादीचा किंवा पॅकिंगचा फोम लावा, "स्टुडिओवाले हाच वापरतात". रॉकवूल (दगड वितळवून केलेली लोकर) वापरू नका, त्याने कॅन्सर होतो. चारही भिंती पूर्ण झाका, जितकं जास्त तितकं चांगलं. पॅनल, म्हणजे आवाज शोषणारे तक्ते, डबल टेपने भिंतीला सपाट चिकटवा, ड्रिलची गरज नाही. काहीच जमलं नाही तर गोधड्या टांगा.

मी वीस वर्षं आवाज रेकॉर्ड करतोय. यातल्या एका वाक्याने मला झोप लागली नाही, त्यामुळे आधी त्याबद्दल.

"गादीचा फोम चालतो"

नाही चालत. गादीचा, सोफ्याचा, पॅकिंगचा फोम म्हणजे बहुतेक वेळा पॉलियुरेथेन. ठिणगी पडली की तो पेटतो, वितळतो, पेटते थेंब खाली पडतात. धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतो. भिंतीवर उभा लावला तर आग खालून वर धावते, कारण वरचा फोम खालच्या ज्वाळेने आधीच तापलेला असतो. गादी आडवी असते, ही भिंत उभी आहे. फरक तिथेच पडतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. २० फेब्रुवारी २००३ च्या रात्री अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातल्या वेस्ट वॉरविक गावी 'द स्टेशन' नावाच्या नाइटक्लबमध्ये आग लागली. स्टेजच्या मागच्या भिंतींवर आवाज कमी करायला पॉलियुरेथेन फोम लावलेला होता. कार्यक्रमाच्या सुरुवातीला उडवलेल्या शोभेच्या दारूच्या ठिणग्या त्यावर पडल्या. १०० माणसं गेली. अमेरिकेच्या 'निस्ट' या सरकारी मानक संस्थेने याचा तपास केला आणि २००५ मध्ये अहवाल दिला. त्यांनी स्टेजचा भाग प्रयोगशाळेत तसाच उभारला, तसाच फोम लावला आणि पेटवला. पाण्याचे फवारे नसलेल्या खोलीत दीड मिनिटाच्या आत माणूस जगू शकणार नाही अशी स्थिती झाली. दीड मिनिट. क्लबमध्ये त्या रात्री एक कॅमेरामन चित्रण करत होता. लोक आधी हा कार्यक्रमाचाच भाग समजून उभे राहिलेत, मग सगळे आत आलेल्याच दाराकडे वळलेत, हे त्यात दिसतं.

आता डोंबिवलीतली खोली डोळ्यांसमोर आणा. एकच दार. खिडकीला ग्रिल. स्विचबोर्डाला घासून फोम, आणि त्या बोर्डावर लॅपटॉपचा चार्जर, ऑडिओ इंटरफेस, टेबलफॅन सगळं एकाच सॉकेटमधून मल्टीप्लगवर. सॉकेट ढिला असला की आत ठिणगी पडते, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलंय. संध्याकाळी निरांजन, उदबत्ती. पावसाळ्यात डासांची कॉइल. शोभेची दारू लागतच नाही.

"पण मामा, दुकानदार म्हणाला फायर रिटार्डंट आहे." त्या शब्दाचा अर्थ पेटायला थोडा उशीर लागतो एवढाच, पेटत नाही असा नव्हे. शिवाय कुठल्या चाचणीत उतरलाय त्याचा कागद दुकानदाराकडे नव्हता. खऱ्या स्टुडिओत फोम दिसतो हे मान्य. त्यातला काही मेलामाइन नावाच्या वेगळ्या पदार्थाचा असतो, तो सहज पेट घेत नाही आणि स्वस्तही नसतो. मेसेज लिहिणाऱ्याने फोटो पाहिला आणि रंगावरून ठरवलं की सगळा फोम एकच.

"ट्रे लावले की खोली साउंडप्रूफ"

हा गैरसमज इतका जुना आहे की आता त्याचा राग येतो. आवाज बाहेरून आत न येणं ही एक गोष्ट. खोलीतल्या खोलीत आवाज न घुमणं ही दुसरी. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि पॅनल, मग ते कितीही उत्तम असोत, फक्त दुसरीसाठी असतात.

बाहेरचा आवाज अडवतं ते वजन. तीस अंड्यांचा ट्रे साधारण फूट बाय फूट असतो. चौरस मीटरला अकरा ट्रे लागतात आणि ते सगळे मिळून किलोभरही भरत नाहीत. त्यामागची साडेचार इंची विटेची भिंत चौरस मीटरला दोनशे किलोच्या पुढे असते. भिंतीचं वजन दुप्पट करावं तेव्हा कुठे पाच-सहा डेसिबलचा फरक पडतो. दोनशे किलोत एक किलो घालून काय होणार?

आणि शिट्टी भिंतीतून येतच नाही. ती येते दाराखालून. हिशोब करून दाखवतो. दार तीन फुटी, म्हणजे ९० सेंटिमीटर, खाली एक सेंटिमीटरची फट. दाराकडची पूर्ण भिंत सुमारे पावणेनऊ चौरस मीटर. म्हणजे फट भिंतीच्या हजाराव्या भागाएवढी. एवढीशी फट राहिली तरी ती भिंत ३० डेसिबलपलीकडे आवाज अडवू शकत नाही, बाकी भिंत किल्ल्याची असली तरी. विटेची भिंत एकटी ४० च्या पुढे अडवते. ते सगळं त्या फटीतून वाहून जातं. त्यात दार आतून पोकळ, आणि खिडकी स्लायडिंगची, जिच्या दोन पल्ल्यांमधून वारा येतो. दाराच्या चौकटीला रबराची पट्टी, खाली घासणारा ब्रश किंवा रबर, शक्य असेल तर भरीव दार, एवढं केलं तर त्या सगळ्या ट्रेंपेक्षा जास्त फरक पडेल. शिट्टी तरीही थोडी येईल. शेजारणीचा स्वयंपाक अकराला आटोपतो, त्यानंतर वाचायला बसावं, हा सल्ला मी गंभीरपणे देतोय.

ट्रेने काहीच होत नाही असं मात्र म्हणता येणार नाही. टाळी वाजवल्यावर जो कर्कश खणखणाट यायचा तो तिच्या खोलीत थोडा कमी झालाय, हे मी कॉलवरही ऐकलं. कागदाचा लगदा वरच्या पट्टीतला थोडा आवाज खातो आणि उंचवटे थोडा विखुरतात. बस्स. त्या बदल्यात भिंतभर वाळका कागद, तोही पेटणाराच, आणि त्यामागे झुरळांना कायमचा आसरा.

"आता आवाज मऊ झालाय"

हे मेसेजमध्ये नाही, हे भाचीचं. तिने नमुना पाठवला. तो मऊ नव्हता, तो बद्द होता. डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. त्याचं कारण तिला नीट कळलं पाहिजे, कारण याच ठिकाणी लोक कानाला फसतात.

फोम, रॉकवूल, कापूस ही सगळी छिद्रांची वस्तू हवेची हालचाल अडवून काम करते. भिंतीला अगदी लागून हवा हलतच नाही. ती सर्वांत जास्त हलते लहरीच्या लांबीच्या पाव अंतरावर. हजार हर्ट्झची लहर ३४ सेंटिमीटरची, तिचा पाव साडेआठ. पण तिच्या आवाजाचा पाया दोनशे हर्ट्झच्या आसपास आहे. ती लहर पावणेदोन मीटरची, तिचा पाव झाला ४३ सेंटिमीटर. भिंतीला चिकटलेला इंचभर फोम त्या लहरीच्या गावीही नसतो. तो स, श, ट, च खाऊन टाकतो आणि घुम तशीच ठेवतो.

त्यात खोली दहा बाय दहा. दोन समोरासमोरच्या भिंतींत दहा फुटांचं अंतर असलं की ५६ हर्ट्झ आणि त्याच्या पटीत, ११२, १६९, असे आवाज तिथे साचून राहतात. लांबी-रुंदी सारखीच असल्यामुळे दोन्ही दिशांना तेच आकडे येतात आणि एकमेकांवर चढतात. तिचा आवाज वाक्याच्या शेवटी खाली उतरतो तेव्हा नेमका तिथेच घुमतो. "होता" मधला "ता" ऐकून पाहा, प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी.

"रॉकवूलने कॅन्सर होतो"

ॲसबेस्टॉसशी गल्लत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००१ मध्ये रॉकवूल आणि इन्सुलेशनची ग्लासवूल संशयितांच्या गटातून काढून, कर्करोगकारक म्हणून वर्गीकरण करता येत नाही अशा तिसऱ्या गटात ठेवली. खाज मात्र खरी सुटते, आणि कापताना उडणारा धागा घशात, डोळ्यांत जातो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, एन-९५ मास्क, चष्मा, आणि काम गॅलरीत. कापडाखाली पातळ नॉन-वोव्हनचा (न विणलेल्या कापडाचा) एक थर गुंडाळला की नंतर धागा बाहेर येत नाही. मुख्य म्हणजे ते दगडाचं आहे. निरांजनाने पेटत नाही.

"चारही भिंती झाका"

नको. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग म्युझियमचं एक व्याख्यानगृह होतं, ज्यात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. ते दुरुस्त करायचं काम वॉलेस सेबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला दिलं. तो रात्री जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या उचलून आणायचा, थोड्या थोड्या मांडत ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा, आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. त्यातून घुमण्याच्या वेळेचं सूत्र निघालं: खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण.

भाचीची खोली २७ घनमीटरची. घुम ०.४ सेकंदांवर आणायची तर सुमारे ११ चौरस मीटर शोषण लागतं. बेड, जाड पडदा, कपडे, पुस्तकं, ती स्वतः, हे मिळून मी पाच-सहा धरतो. उरलेल्यासाठी चार बाय दोन फुटांचे सात-आठ पॅनल पुरतात. आठ पॅनल म्हणजे खोलीच्या एकूण पृष्ठभागाचा जेमतेम दहावा हिस्सा. बाकी भिंत उघडीच राहू दे.

गोधड्यांचा मुद्दा मला मान्य करावा लागतो. सेबिनच्या गाद्या आणि आजीची गोधडी यांत तत्त्वाने फरक नाही. जाड गोधडी दोरीवर, भिंतीपासून हातभर पुढे, माइकच्या समोर आणि वाचणाऱ्याच्या पाठीमागे टांगली तर बोलण्याच्या आवाजासाठी ती त्या फोमपेक्षा कितीतरी बरी. आख्ख्या मेसेजमधला एकमेव चांगला सल्ला शेवटच्या ओळीत, "काहीच जमलं नाही तर" म्हणून टाकलाय. निरांजनापासून तीही लांबच ठेवायची.

"डबल टेपने चिकटवा"

चार बाय दोनचा, दोन इंच जाडीचा, ४८ घनतेचा (घनमीटरला ४८ किलो) रॉकवूलचा स्लॅब पावणेदोन किलोचा असतो. पाइनच्या चौकटीसह पॅनल सव्वाचार किलोच्या आसपास. कोपऱ्यांत चार इंची लावायचे, ते आठ किलोपर्यंत जातात. मे महिन्याच्या दमटपणात टेप डिस्टेंपरचा पापुद्रा घेऊनच खाली येते. पॅनल खाली पडतो तेव्हा त्याखाली टेबल असतं, आणि टेबलाशी माणूस बसलेलं असतं.

पाऊण इंची लाकडी पट्टी घ्यायची, लांबीत ४५ अंशांत चिरायची. एक अर्धी भिंतीवर, तिरपी कड वर आणि भिंतीकडे उतरती. दुसरी पॅनलच्या मागे, उलटी. पॅनल वरून सरकवला की अडकतो, आणि हवा तेव्हा उचलून काढताही येतो. पट्टीमागे ठोकळा देऊन भिंत आणि पॅनल यांत दोन इंच मोकळी जागा ठेवायची. वर पाव लहरीचं सांगितलं त्यामुळे याच जागेने खालचा आवाज जास्त खाल्ला जातो, आणि पावसाळ्यात भिंतीला ओल आली तरी मागून हवा खेळते, कापडाला बुरशी धरत नाही. विटेच्या भिंतीत साधी गिट्टी, म्हणजे स्क्रू धरणारा प्लग, चालते. नव्या इमारतींत सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे, ब्लॉक असतात, त्यात ती सैल होऊन बाहेर येते, तिथे त्या ब्लॉकसाठीच मिळणारी लांब नायलॉनची गिट्टी घ्यावी. ड्रिल करण्याआधी स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि खाली वायर गेलेली असते हे लक्षात ठेवायचं.

कापड कुठलंही नको. तोंडाला लावून फुंकर मारायची. पलीकडच्या तळहाताला वारा लागला तर चालेल. मांजरपाट, खादी, गोणपाट चालतात. रेक्झिन चालत नाही.

भाचीला मी कॉलवरच फोम काढायला सांगितलं, आधी स्विचबोर्डाभोवतीचा, मग देवघराकडचा. निम्मा त्याच रात्री निघाला, रंगासकट. ताईने देवघर तूर्त स्वयंपाकघरात हलवलंय. रविवारी मी ड्रिल आणि पट्ट्या घेऊन डोंबिवलीला जातोय, आठ पॅनल आहेत, दोन माणसांचं दिवसभराचं काम आहे. ट्रे ती खालच्या अंडेवाल्याला परत देणार आहे.