दोनशे किलोची गाडी आणि आप्पांचे डोके

दिलीपच्या मुलीला मोटारसायकल घ्यायची आहे, एवढे एक वाक्य रविवारी संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर उच्चारले गेले आणि त्यानंतर दीड तास कोणाला समोरच्या चहाची आठवण राहिली नाही. कट्टा म्हणजे साताऱ्यात राजवाड्याजवळच्या एका बंद दुकानाच्या तीन पायऱ्या. वरच्या पायरीवर आप्पा बसतात, कारण आपण सर्वांत वडील आहोत असे ते सांगतात. प्रत्यक्षात ते नानांपेक्षा चार महिन्यांनी लहान आहेत, पण नानांनी ही बाब कधी लावून धरलेली नाही.

ऋताला वाईच्या एका बँकेत नोकरी लागली आहे. आजवर तिने आईची स्कूटर चालवली, गिअरच्या गाडीला हात लावलेला नाही. जीएसटी उतरल्यापासून दिलीपच्या मनात साडेतीनशे सीसीची बुलेट घोळत होती. ती मुलीला हवी आहे की त्याला, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा होता, परंतु दिलीपच त्या दिवशी चहाचे पैसे देणार असल्यामुळे तो मागे पडला.

दिलीपचे म्हणणे असे की, वाईच्या वाटेवर पाचवडपर्यंत हायवे आहे, तेव्हा गाडी वजनदारच पाहिजे. हलकी गाडी ट्रकच्या वाऱ्याने हलते. त्यावर नाना शांतपणे म्हणाले, "ट्रकचा वारा वाटेत कधीतरी लागेल. तुझ्या गल्लीचा उतार मात्र रोज दोनदा लागणार आहे."

ज्यांनी समर्थ मंदिराच्या बाजूची घरे पाहिली आहेत, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या या गावात सपाट जागा विरळाच. मोटारसायकलला रिव्हर्स गिअर नसतो. तोंड उताराकडे करून लावलेली गाडी मागे ओढायची ती आपल्याच पायांच्या जोरावर. दिलीपची बुलेट म्हणजे क्लासिक ३५०, तिचे वजन १९५ किलो आणि सीटची उंची ८०५ मिलिमीटर. ऋताचे वजन पन्नासच्या आसपास आणि उंची पाच फूट दोन इंच. धावणारी गाडी स्वतःचे वजन स्वतः पेलते, उभी गाडी ते चालवणाऱ्यावर टाकते, आणि नवखा माणूस पडतो तो बहुधा उभ्या किंवा नुकत्याच निघालेल्या गाडीवरून. दिलीपला हे सांगून पाहिले. तो म्हणाला, "जिममध्ये जाईल ती."

येथे आप्पांनी घसा साफ केला, याचा अर्थ आता त्यांची जुनी यामाहा, आरएक्स शंभर, येणार हे आम्ही ओळखले आणि ती आलीच. पहिली गाडी अशी असावी की तिने माणूस घडवला पाहिजे, हल्लीच्या गाड्या माणसाला बिघडवतात, आरएक्सचा आवाज मोती चौकात झाला की पोवई नाक्यावरच्या लोकांना कळायचे, वगैरे वगैरे. आप्पांना न्याय द्यायचा तर एक मुद्दा त्यात होता: ती गाडी जेमतेम शंभर किलोची होती आणि कोणीही पाय टेकून ती सावरू शकत असे. पण मुद्दा निसटता हाती लागला तरी तो सोडून देण्याची आप्पांची जुनी सवय आहे. ते लगेच जुन्या बाजारात एखादी आरएक्स शोधण्याच्या गोष्टी करू लागले.

"आप्पा, ती गाडी १९९६ साली बंद झाली," नाना म्हणाले. "पोरीला गाडी घ्यायची आहे, वारसा नाही. आणि पुढच्या चाकाला ड्रम ब्रेक असलेली गाडी हायवेवर थांबवायची तर आदल्या दिवशी ब्रेक दाबायला लागेल."

नानांविषयी थोडे सांगायला हवे. त्यांनी तीस वर्षे एका रुग्णालयात एक्स-रे काढले. त्यामुळे निम्म्या साताऱ्याला ते आतून ओळखतात. गाडीच्या चर्चेत इतर लोक सीसी आणि मायलेज बोलतात, तेव्हा नाना हाडे बोलतात. "कोणती गाडी होती ते नंतर सांगा, लागलं कुठं ते आधी सांगा," हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा उच्चारले आहे की निवृत्तीनंतरही ते सुटलेले नाही. ऋतासाठी काय काय घ्यावे, हे दिलीपने विचारले तेव्हा त्यांनी उजवा तळहात पुढे केला. "माणूस पडताना आधी हात टेकतो. हे तो गाडीवर शिकत नाही, रांगताना शिकतो. म्हणून मनगट आधी जातं, त्या धक्क्यानं खांद्याजवळची हासळी जाते. गाडी पायावर पडली तर घोटा जातो. हे सगळं वीसच्या वेगातसुद्धा होतं. डोक्याचं काही सांगत नाही, कारण डोक्याचे पेशंट माझ्याशी फारसे बोलायचे नाहीत."

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग हेल्मेटनंतर तळहातावर जाड पट्टी असलेले हातमोजे, घोटा झाकणारे बूट आणि खांदा-कोपरांना गादी असलेले जाळीचे जॅकेट, असा क्रम ठरत असतानाच शिरीषने तोंड घातले. शिरीषकडे यांतील सर्व काही आहे. त्याच्या जॅकेटमधील गाद्या युरोपीय प्रमाणपत्राच्या दुसऱ्या श्रेणीच्या आहेत आणि पाठीसाठी वेगळी गादी आहे, हे सातारा शहरात बहुतेकांना ठाऊक आहे. तो हा सारा जामानिमा चढवून रविवारी मंडईत मेथी आणायला जातो. त्या दिवशीही त्याचे हेल्मेट कापडी पिशवीत गुंडाळून त्याच्या मांडीवर होते, एखाद्या बाळासारखे. त्याला काळी काच बसवलेली होती. नानांनी ती पाहून विचारले, "हंगामात उसाच्या ट्रॉल्या मागे दिवा नसताना, रिफ्लेक्टर नसताना रात्री हायवेला लागतात, तेव्हा या काचेतून काय दिसतं?" शिरीष म्हणाला की तो रात्री गाडी चालवत नाही. नाना म्हणाले, "मग ही काच मेथीपुरती ठीक आहे. पोरीला पारदर्शक घ्या."

शिरीषने मोबाइल काढून केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा वाचून दाखवला: २०२२ साली देशात दुचाकीवरचे ५०,०२९ लोक हेल्मेट न घातलेले असताना मृत्यू पावले, आणि त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेले होते. आकड्यांचा माझ्यावर सहसा परिणाम होत नाही, पण हा दुसरा आकडा मला लागला, कारण मी आप्पांच्या मागे पुष्कळ बसलो आहे.

आप्पांची हेल्मेटविरुद्धची तक्रार तीन कलमी आहे: ऐकू येत नाही, मान आखडते आणि केस गळतात. तिसरे कलम उच्चारले जाताच सगळ्यांचे डोळे एकाच ठिकाणी गेले. नाना म्हणाले, "आप्पा, ते काम पूर्ण झालेलं आहे. आता घालायला हरकत नाही."

हसू ओसरल्यावर आप्पा चिडून म्हणाले की चाळीस वर्षांत त्यांना एकदाही अपघात झालेला नाही. हे विधान मी खपवून घेऊ शकलो नाही. १९९३ च्या पावसाळ्यात कासला जाताना यवतेश्वर घाटाच्या वळणावर आप्पांनी आरएक्स आडवी केली तेव्हा मागे मी होतो. आप्पांच्या सांगण्याप्रमाणे आडवे कुत्रे आले. पुढे काही वर्षांनी त्या कुत्र्याचा कोल्हा झाला आणि गेल्या दिवाळीत ऋतासमोर सांगताना बिबट्या झाला. वस्तुस्थिती अशी की, आप्पा मला दरीतला धबधबा दाखवायला वळले, समोर रस्त्यावर वाहून आलेली बारीक खडी दिसली आणि त्यांनी पुढचा ब्रेक मुठीत आवळला. चाक जाम झाले आणि गाडी निसटली. माझे दोन्ही गुडघे सोलले, आप्पांची हासळी मोडली. त्या दिवशीचे पेट्रोलही मीच भरले होते, ते पैसे आजतागायत आलेले नाहीत.

"हासळीची फिल्म मीच काढली," नाना म्हणाले. "बिबट्या काही त्यात आला नव्हता."

त्या घाटातल्या वळणामुळे चर्चा एकदाची कामाच्या ठिकाणी आली, म्हणजे एबीएस या ब्रेकच्या सोयीवर. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक दुचाकीला एबीएस सक्तीचे झाले. त्या नियमात १२५ पर्यंतच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस पुरेशी धरली होती. म्हणजे मोह होतो तो सव्वाशेच्या होंडा शाइनसारख्या हलक्या, गरीब स्वभावाच्या गाडीचा, परंतु घाबरून ब्रेक आवळला तर चाक जाम न होऊ देणारी सोय मिळते ती साधारणपणे दीडशेपासून पुढे. नवखा माणूस ब्रेक दाबत नाही, आवळतो. मला स्वतःला यासाठी पंधरावीस किलो वजन जास्त पत्करावे असे वाटते. नाना सव्वाशेच्या बाजूने होते. त्यांचे म्हणणे, वाईचा रस्ता रोजचा आहे, मोठे चढ नाहीत, आणि गाडी हलकी असली की माणूस मुळात घाबरतच नाही. येथे आमचे जमले नाही आणि अजूनही जमलेले नाही.

शिरीषने युरोपचा दाखला दिला. तिकडे मोटारसायकलच्या सर्वांत खालच्या परवान्यावर १२५ सीसी आणि ११ किलोवॅट ताकदीच्या वरची गाडी चालवता येत नाही. पुढची पायरी ३५ किलोवॅटची आहे. आपल्याकडे आरटीओच्या आवारात आठाचा आकडा पाय न टेकता काढला की त्याच दुपारी बाजारातील कोणतीही गाडी घेता येते. आप्पा म्हणाले, "त्यांना लहानपणापासून सवय नसते." कशाची, ते त्यांनी सांगितले नाही.

याच सुमारास वडिलांना घरी बोलवायला ऋता स्वतः आली आणि तिने आमची बरीचशी चर्चा निरर्थक करून टाकली. ती शनिवारीच शोरूममध्ये जाऊन आली होती. "बाबांची बुलेट बघितली मी. विक्रेत्याला म्हटलं, दारातल्या उतारावरून मागे घेऊन दाखवते. मला जमेना, तर त्यानंच घेतली. मी विचारलं, दादा, रोज सकाळी नऊला घरी येणार का?" तिने शेवटी बसून पाहिली ती दीडशेची यामाहा एफझी: १३५ किलोच्या आसपास, सीट ७९० मिलिमीटर, दोन्ही पायांचे चवडे नीट टेकतात, आणि एबीएस आहे. नानांनी मान हलवली. सव्वाशेचा विषय त्यांनी काढला नाही. मला वाटले मी जिंकलो, पण ऋताने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

दिलीपने माघार घेतली आणि दुसरी आघाडी उघडली. गाडी लहान घेतोच आहोत तर वाचलेल्या पैशांत चकचकीत लेगगार्ड, सीटकव्हर, पुढच्या दिव्यावर जाळी असे सगळे शोरूममध्येच बसवून घ्यावे आणि हेल्मेटचे नंतर बघावे. शिवाय नव्या गाडीबरोबर हेल्मेट देण्याचा नियमच आहे.

"लेगगार्डला पैसे आहेत, लेगला नाहीत," नाना म्हणाले. "आणि गाडीबरोबर मिळालेलं हेल्मेट डोक्याचं माप विचारत नाही."

ते खरे आहे. आयएसआय चिन्हाशिवाय हेल्मेट बनवायला व विकायला जून २०२१ पासून बंदी आहे, तरी हायवेच्या कडेला दोरीवर लटकणाऱ्या टोपल्या आपण पाहतोच. पण खरे चिन्ह असलेले हेल्मेटही सैल असेल तर पडताना डोके एकीकडे आणि ते दुसरीकडे जाते. गाल दाबले गेले पाहिजेत, मान हलवली की कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली पाहिजे, आणि पट्टा बांधून मागून वर ढकलले तरी ते निघता कामा नये. हनुवटी झाकणारेच घ्यावे. एकदा जोरात आपटलेले पुन्हा वापरू नये, कारण आतले थर्माकोल दबले की ते दुसऱ्यांदा दबत नाही. एवढे सांगून झाल्यावर दिलीप हळूच म्हणाला की हेल्मेटवर अठरा टक्के जीएसटी आहे. नाना म्हणाले, "गाडीवर अठरा, डोक्यावर अठरा. सरकारच्या लेखी दोन्ही एकाच भावाचे."

आप्पांना आता काहीतरी सिद्ध करणे भाग होते. "आणा इकडे, घालून दाखवतो किती गुदमरतं ते," असे म्हणून त्यांनी शिरीषच्या मांडीवरची पिशवी ओढली. "काचेला बोट लावू नका," असे शिरीष ओरडेपर्यंत हेल्मेट आप्पांच्या डोक्यावर पूर्ण उतरले होते आणि पट्टा त्यातल्या दोन कड्यांतून त्यांनी स्वतःच ओढून घट्ट केला होता. दोन कड्यांचा हा पट्टा ओढावा तितका आवळतो. सोडायचा तर वरची कडी उचलावी लागते. आप्पांना ते माहीत नव्हते. ते पट्टा ओढत राहिले. चहाचा पेला हनुवटीच्या आडपट्टीला लागून शर्टावर सांडला. आतून काही शब्द आले, ते नीट ऐकू आले नाहीत, आणि आमचे म्हणणे त्यांना ऐकू गेले की नाही, हे काळ्या काचेमुळे कळले नाही. ऋता मदतीला पुढे झाली, पण नानांनी तिला डोळ्यांनी थांबवले.

एवढ्यात घरून फोन आला. फोन कानाला लावायचा कसा हा प्रश्न होता, म्हणून आप्पांनी तो तसाच वाजू दिला, उठले, स्कूटरला किक मारली आणि त्याच अवतारात निघून गेले. शिरीष मात्र नियमाचा पक्का. डोक्यावर हेल्मेट नाही म्हणून तो गाडी ढकलत घरी गेला, अंगात पाठीच्या गादीसकट सगळे जॅकेट तसेच होते.

सोमवारी कळले की पोवई नाक्यावर हवालदाराने आप्पांना बाजूला घेऊन कागद तपासले. वर्षानुवर्षे ती स्कूटर आणि तिच्यावरचे उघडे डोके पाहत आलेल्या त्या माणसाला, आप्पांची गाडी कोणीतरी चोरून चालवली आहे, असे वाटले होते.